थांबायला शिकवणारं प्रशिक्षण

एप्रिल २०२४. अहमदनगर जिल्ह्यातल्या नेवासे तालुक्यातलं वाकडी गाव. एका पडीक विहिरीत मांजर पडलं. त्या विहिरीत शेणाचा काला साठवलेला होता, बायोगॅसच्या खड्ड्यासारखा तिचा वापर व्हायचा. मांजराला काढायला एक जण उतरला, तो वर आलाच नाही. त्याच्यासाठी दुसरा उतरला, मग तिसरा. असे पाच जण जिवाला मुकले. आणखी एक जण कमरेला दोर बांधून उतरला होता. त्याला वरच्यांनी ओढून काढलं आणि तो वाचला.

विहीर, सेप्टिक टँक, ड्रेनेजचं मॅनहोल. जागा बदलते, बातमी तीच राहते. या माणसांच्या धाडसात काहीच कमी नव्हतं. आपला माणूस खाली तडफडतोय आणि आपण काठावर उभं राहायचं, हे कोणाच्याच रक्तात नसतं, म्हणून तर ते शिकवावं लागतं. अग्निशमन दलाचे जवान, एनडीआरएफची म्हणजे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पथकं, रुग्णवाहिकेवरचे कर्मचारी, पुरात बोट चालवणारे स्वयंसेवक आणि या सगळ्यांची मोट बांधणारे अधिकारी, या सगळ्यांना प्रशिक्षणात नेमकं काय शिकवतात ते या लेखात सांगायचं आहे. दोर, शिड्या, करवती, बोटी हे त्यात येतंच. पण त्या सगळ्याच्या मुळाशी एकच गोष्ट आहे असं मला वाटतं: अंगातला प्रत्येक स्नायू धाव म्हणत असताना क्षणभर थांबायचं, नीट बघायचं आणि मग ठरलेल्या क्रमानंच हलायचं.

वाकडीसारख्या विहिरीत नेमकं काय होतं ते आधी बघू. शेण, मैला, कुजका पाला अशा गोष्टी बंद जागेत सडल्या की हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. थोडा असला तर सडक्या अंड्यासारखा वास येतो. प्रमाण वाढलं की नाकाची वास ओळखण्याची शक्तीच बधिर होते. म्हणजे वास येईनासा झाला म्हणून आपल्याला हायसं वाटतं, आणि धोका नेमका तेव्हाच सगळ्यात मोठा असतो. हा वायू हवेपेक्षा जड, त्यामुळे तळाशी साचून राहतो. उतरणारा माणूस दोन-चार श्वासांत कोसळू शकतो. वरून बघणाऱ्याला वाटतं, त्याचा पाय घसरला, चला, हात देऊ.

प्रशिक्षित जवान अशा ठिकाणी आधी गॅस मोजणारं यंत्र दोरीला बांधून खाली सोडतो. मग पंख्यानं किंवा ब्लोअरनं आत ताजी हवा ढकलतो. उतरायचंच झालं तर पाठीवर हवेचं सिलिंडर आणि तोंडावर मुखवटा असलेला श्वसनसंच चढवतो. त्याला सगळे बीए सेट म्हणतात. त्याच्या अंगात पट्ट्यांचा हार्नेस असतो आणि हार्नेसला बांधलेला दोर वर दोघांच्या हातात असतो. सिलिंडरमधला दाब कमी झाला की संचावरची शिट्टी आपोआप वाजू लागते. ती वाजली की हातातलं काम कुठेही असो, बाहेर यायचं, अशी शिस्त असते. गावात बीए सेट नसतो हे खरं. पण दोर प्रत्येक घरात असतो, आणि तो उतरण्याआधी बांधायचा असतो.

आधी स्वतः

जगात कुठेही या क्षेत्रातला वर्ग भरला की पहिल्या तासाला एक क्रम शिकवला जातो. आधी स्वतःची सुरक्षितता, मग आपल्या साथीदारांची, मग बघ्यांची, आणि त्यानंतर संकटात सापडलेल्या माणसाची. पहिल्यांदा ऐकताना हा क्रम स्वार्थी वाटतो. आपल्याकडे तर स्वतःचा जीव धोक्यात घालणाऱ्याचेच पोवाडे गायले जातात. पण वाचवायला गेलेला माणूस स्वतःच अडकला तर वाचवायची माणसं दोन होतात आणि वाचवणारा एक कमी होतो. एवढं साधं गणित आहे.

मुंबईनं या गणिताची फार मोठी किंमत मोजली आहे. १४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया डॉकमध्ये उभ्या असलेल्या ‘फोर्ट स्टिकीन’ या जहाजाला आग लागली. जहाजाच्या पोटात कापसाच्या गासड्या होत्या आणि सुमारे १,४०० टन स्फोटकं होती. धोक्याचा माल दाखवणारा लाल बावटा जहाजावर नव्हता. अग्निशमन दलाचे जवान आग विझवायला गेले आणि दुपारी चारच्या सुमारास जहाज फुटलं. अर्ध्या तासानं दुसरा स्फोट झाला. मुंबई अग्निशमन दलाचे ६६ जवान त्या दिवशी गेले. देशभर १४ एप्रिलपासून जो अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात तो त्यांच्या स्मरणार्थ.

आज रसायनांच्या अपघाताचं प्रशिक्षण देताना पहिला प्रश्न हाच असतो: आत काय आहे? रस्त्यावर टँकर उलटला की जवळ जाऊन बघायचं नाही, लांबून त्याच्या पाटीवरचा चार आकडी क्रमांक वाचायचा. १२०३ म्हणजे पेट्रोल, १०७५ म्हणजे स्वयंपाकाचा गॅस, १०१७ म्हणजे क्लोरिन. हे क्रमांक जगभर सारखेच आहेत. वारा कुठून कुठे वाहतोय ते झाडाच्या पानांवरून, धुरावरून ओळखायचं आणि वाऱ्याच्या पाठीकडूनच यायचं. नवख्यांना एक ढोबळ युक्तीही सांगतात. हात लांब करा, अंगठा उभा धरा आणि एक डोळा मिटा. सगळी दुर्घटना अंगठ्याआड झाकली जात नसेल तर तुम्ही फार जवळ आहात. टँकरमधून सांडणारं तेल भरायला कॅन घेऊन धावणाऱ्यांना हे कोणीतरी शाळेतच शिकवायला हवं होतं असं मला मनापासून वाटतं.

पाण्यातल्या बचावाचा क्रमही असाच उलटा वाटणारा आहे. आधी काठी, बांबू, साडी, जे हाताशी असेल ते पुढे करा. पोचत नसेल तर दोर किंवा हवा भरलेली ट्यूब फेका. तेही जमत नसेल तर बोट न्या. स्वतः पाण्यात उडी मारणं हा अगदी शेवटचा मार्ग, आणि तोही ज्याला ते शिकवलेलं आहे त्याच्यासाठीच. बुडणारा माणूस गळ्याला मिठी मारतो आणि पट्टीचा पोहणाराही त्याच्यासोबत जातो, हे नदीकाठच्या गावांना सांगायला नको. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळला लोकांना बाहेर काढणारी बोटच उलटली. क्षमतेपेक्षा जास्त माणसं तिच्यात बसली होती. बोटीच्या प्रशिक्षणात इंजिन सुरू करायला शिकायला फार वेळ लागत नाही. ‘आता आणखी कोणी चढायचं नाही, मी परत येतो’ हे रडणाऱ्या गर्दीला सांगता येणं, ते सांगताना आवाज न चढवणं आणि खरोखर परत येणं, याचा सराव करावा लागतो.

ढिगाऱ्याखाली

२४ ऑगस्ट २०२० च्या संध्याकाळी महाडमधली ‘तारिक गार्डन’ ही पाच मजली इमारत कोसळली. १६ जणांचा जीव गेला. पण चार वर्षांच्या एका मुलाला सुमारे १९ तासांनी आणि एका ज्येष्ठ महिलेला सुमारे २६ तासांनी जिवंत बाहेर काढलं गेलं. टीव्हीवर ते क्षण पाहताना आपण टाळ्या वाजवल्या. त्याआधीच्या तासांमध्ये काय चालू होतं ते मात्र कॅमेऱ्याला फारसं दिसत नाही.

कोसळलेल्या इमारतीतल्या शोध आणि बचावाचा एक स्वतंत्र अभ्यासक्रम आहे. या क्षेत्रातले लोक त्याला सीएसएसआर म्हणतात. आशियातल्या देशांसाठी १९९८ मध्ये ‘पीअर’ नावाचा प्रशिक्षण कार्यक्रम सुरू झाला, त्यातून हा अभ्यासक्रम आणि त्याच्या जोडीचा प्रथम वैद्यकीय मदतीचा, म्हणजे एमएफआर, आपल्याकडे रुजला. आता एनडीआरएफच्या जवानांना हे दोन्ही येणं हा पाया मानला जातो.

यातली पहिली शिकवण अशी की ढिगाऱ्यावर चढून उपसायला लागायचं नाही. आधी भोवती फिरायचं. वीज तोडली का, गॅसची गळती आहे का, शेजारची भिंत कलली आहे का ते बघायचं. शेजाऱ्यांना विचारायचं: कोण कुठल्या मजल्यावर राहत होतं, कोसळली तेव्हा किती वाजले होते, त्या वेळी घरातले कुठे असतील? संध्याकाळी सातला स्वयंपाकघर आणि पहाटे चारला झोपायची खोली. अशा उत्तरांमधून कागदावर एक नकाशा तयार होतो आणि कुठे खणायचं ते त्यावरून ठरतं. मग वरवर अडकलेल्यांना काढतात, त्यानंतर पोकळ्यांमध्ये शोध घेतात, मग निवडून निवडून ढिगारा हलवतात. जेसीबीनं सरसकट उपसणं अगदी शेवटी येतं. बाहेर जमलेल्या नातेवाइकांना हे समजत नाही. मशीन समोर उभं आहे आणि जवान हातानं विटा काढतायत, हे बघून राग येणं साहजिक आहे. पण कोसळलेल्या स्लॅबखाली त्रिकोणी पोकळ्या उरलेल्या असतात आणि जिवंत माणसं त्यांच्यातच असतात. मशीनच्या एका धक्क्यानं वरचा भार सरकला की पोकळी मिटते.

पोकळीपर्यंत जाताना वरचा स्लॅब पेलून धरायला टेकू द्यावे लागतात. लाकडाचे चौकोनी ओंडके आडवे-उभे, एकावर एक रचून चौकट उभी करतात. स्लॅब जॅकनं किंवा हवेच्या पिशवीनं उचलायचा झाला तर नियम असा: एक इंच उचला, एक इंच लाकूड सरकवा. जॅक निसटला तरी भार लाकडावर यावा, आतल्या माणसावर येऊ नये. एका स्लॅबला यात तास जाऊ शकतो. प्रशिक्षणात हे काम अंधारात, पोटावर सरपटत, पुन्हा पुन्हा करून घेतात, कारण खऱ्या वेळी हात आपोआप चालायला हवेत.

मग शिट्ट्या. सगळ्या जगातल्या शोध-बचाव पथकांचे संकेत एकच आहेत. तीन सेकंदांची एक लांब शिट्टी म्हणजे सगळं थांबवा, शांतता. तीन छोट्या शिट्ट्या म्हणजे ताबडतोब बाहेर पडा. एक लांब आणि एक छोटी म्हणजे काम पुन्हा सुरू. लांब शिट्टी झाली की कटर बंद, जनरेटर बंद, बोलणं बंद. एक जण पोकळीत तोंड घालून ओरडतो, ‘आवाज येत असेल तर तीनदा ठोका.’ आणि सगळे कान लावून उभे राहतात. कोणी सापडलं तर त्या जागी स्प्रेनं मोठा इंग्रजी ‘व्ही’ काढतात. खाली ‘एल’ आणि आकडा, म्हणजे इतके जिवंत. ‘डी’ आणि आकडा, म्हणजे इतके मृत. बाहेर काढलं की त्यावर काट मारतात. भाषा न कळणारं परदेशी पथक रात्री कामावर आलं तरी भिंत वाचून त्याला सगळं समजतं. फेब्रुवारी २०२३ मध्ये तुर्कस्तानातल्या भूकंपानंतर आपली एनडीआरएफ तिथे गेली तेव्हा ही सामाईक भाषा सोबत होतीच.

या सगळ्यात मला सगळ्यात विलक्षण वाटणारी गोष्ट वेगळीच आहे. पायावर खांब पडून सहा-आठ तास अडकलेला माणूस सापडला, बोलतोय, पाणी मागतोय. खांब उचलला की सुटला, असं वाटतं. आणि खांब उचलल्यावर काही मिनिटांत त्याचं हृदय बंद पडू शकतं. दाबल्या गेलेल्या स्नायूंच्या पेशी तासनतास मरत असतात, त्यांतून पोटॅशियम आणि मायोग्लोबिन बाहेर पडून तिथेच साचतं. दाब काढला की रक्ताबरोबर ते सगळं एकदम शरीरभर जातं. पोटॅशियम हृदयाची लय बिघडवतं, मायोग्लोबिन मूत्रपिंडं तुंबवतं. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बाँब पडत होते तेव्हा ढिगाऱ्यातून सुखरूप काढलेली माणसं नंतर दगावताना पाहून एरिक बायवॉटर्स या डॉक्टरांनी १९४१ मध्ये हा विकार नीट मांडला. त्याला क्रश सिंड्रोम म्हणतात. म्हणून आज शिकवतात की शक्य असेल तर दाब काढण्याआधीच, माणूस आत असतानाच, सलाइन सुरू करायचं. म्हणजे वैद्यकीय कर्मचाऱ्यानंही त्या बिळात शिरायचं. हिरोगिरी करून एका झटक्यात खांब फेकून देणारा सिनेमातला नायक त्या माणसाचा जीव घेईल.

चाळीस जखमी, रुग्णवाहिका दोन

घाटात एसटी दरीत गेली आहे. चाळीस जखमी, पोचलेले तुम्ही दोघे. सगळ्यात आधी कोणाकडे जाल? बहुतेक जण सांगतील, जो सगळ्यात जास्त ओरडतोय त्याच्याकडे. पण ओरडणाऱ्याचा श्वास चालू आहे, म्हणूनच तो ओरडतोय.

इथे जी पद्धत शिकवतात तिला ट्रायाज म्हणतात, म्हणजे जखमींची वर्गवारी. तिचा सगळ्यात प्रचलित प्रकार ‘स्टार्ट’. कॅलिफोर्नियातल्या न्यूपोर्ट बीच इथल्या अग्निशमन विभागानं आणि होग रुग्णालयानं १९८३ मध्ये तो तयार केला. यात निदान करायचं नाही, उपचार जवळपास करायचेच नाहीत. एका जखमीपाशी अर्धा मिनिट, फार तर एक मिनिट, आणि हाताला रंगीत पट्टी बांधून पुढे.

आधी मोठ्यानं हाक द्यायची: ‘ज्यांना चालता येतंय त्यांनी त्या झाडाखाली या.’ जे उठून गेले ते हिरवे. एका वाक्यात निम्मी गर्दी बाजूला झाली. उरलेल्यांपैकी जवळच्यापासून सुरुवात. श्वास चालू आहे? नसेल तर मान सरळ करून श्वासमार्ग मोकळा करा. तरीही नाही, तर काळी पट्टी. मान सरळ केल्यावर श्वास सुरू झाला तर लाल. आधीपासून चालू आहे पण मिनिटाला ३० पेक्षा जास्त, तरीही लाल. मनगटाची नाडी लागत नाही, किंवा नख दाबून सोडल्यावर रंग परत यायला दोन सेकंदांपेक्षा जास्त वेळ लागतो, लाल. ‘माझा हात दाबा’ म्हटल्यावर दाबता येत नाही, लाल. हे सगळं ठीक आहे पण चालता येत नाही, तो पिवळा. वाटेत फक्त दोन गोष्टी करायला परवानगी: श्वासमार्ग मोकळा करणं आणि भळाभळा वाहणारं रक्त थांबवणं.

वाचायला सोपं आहे. करायला अंगावर काटा आणणारं. काळी पट्टी बांधून पुढे जायचं म्हणजे काय, याचा विचार करा. शेजारी त्याची बायको बसलेली आहे, तुमच्या शर्टाला धरून म्हणतेय, ‘अहो दादा, एकदा तरी छाती दाबून बघा.’ एकच रुग्ण असता तर तुम्ही नक्की दाबली असती, मिनिटाला १०० ते १२० च्या वेगानं, डॉक्टर येईपर्यंत. पण इथे त्या दहा मिनिटांत पलीकडचे दोन लाल जातील. चांगल्या प्रशिक्षणात स्वयंसेवकांना रंग फासून, खोट्या जखमा लावून, अगदी अशाच नातेवाइकांच्या भूमिका करायला लावतात. रंग चुकला तर प्रशिक्षक तिथल्या तिथे दाखवून देतो. मी तर म्हणेन, खऱ्या घाटात हात थरथरू नये म्हणून तो इथेच थरथरलेला बरा. आणि अशा कामानंतर मनावर जे उरतं त्याबद्दल बोलणं हाही प्रशिक्षणाचाच भाग धरला पाहिजे. आपल्याकडे तो अजून पुरेसा धरला जात नाही, याचं मला वाईट वाटतं.

खुर्चीतल्या माणसाचं प्रशिक्षण

आतापर्यंत हातानं काम करणाऱ्यांबद्दल बोललो. दुसरी बाजू आपत्कालीन व्यवस्थापकाची: जिल्हाधिकारी, प्रांत, तहसीलदार, महापालिकेचे आयुक्त, जिल्हा आपत्ती व्यवस्थापन अधिकारी. हे लोक ढिगाऱ्यात शिरत नाहीत, शिरूही नये. त्यांचं काम, शिरणाऱ्यांना माणसं, साहित्य, माहिती आणि जेवण वेळेवर मिळेल असं बघणं.

या व्यवस्थापनाची आज जगभर चालणारी पद्धत एका फजितीतून जन्मली. १९७० मध्ये दक्षिण कॅलिफोर्नियात वणवे पेटले. १३ दिवसांत १६ माणसं गेली, सुमारे ७०० इमारती जळाल्या. मागाहून तपासलं तेव्हा लक्षात आलं की माणसं आणि गाड्या पुष्कळ होत्या. पण प्रत्येक दलाचा वायरलेस वेगळा, शब्द वेगळे, आणि कोणाचं ऐकायचं ते ठरलेलं नाही. त्यातून ‘इन्सिडंट कमांड सिस्टीम’ तयार झाली. भारतात तिचं आपल्या प्रशासनाला साजेसं रूप म्हणजे ‘इन्सिडंट रिस्पॉन्स सिस्टीम’, आयआरएस. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणानं २०१० मध्ये तिच्या मार्गदर्शक सूचना काढल्या.

तिचा गाभा लग्नघरासारखा आहे. लग्नात एक जण मांडव बघतो, एक स्वयंपाक, एक पाहुण्यांची उतरायची सोय, आणि सगळे शेवटी एकाच काकांना विचारतात. ते काका म्हणजे इन्सिडंट कमांडर. त्यांच्या हाताखाली तीन विभाग: प्रत्यक्ष काम करणारा, पुढच्या काही तासांचं नियोजन करणारा आणि साहित्य पुरवणारा. खर्चाचा हिशेब आपल्याकडे पुरवठ्याच्याच विभागात ठेवला आहे. जिल्ह्यात या सगळ्याची अंतिम जबाबदारी जिल्हाधिकाऱ्यांची. आणि एक नियम असा की एका माणसाच्या थेट हाताखाली साधारण पाचच माणसं असावीत, तीनपेक्षा कमी नकोत, सातपेक्षा जास्त नकोत. संकटात माणसाच्या डोक्यात त्याहून जास्त मावत नाही.

इथेही तोच धडा आहे, थांबण्याचा. सायरन वाजवत आलेल्या गाडीनं थेट घटनास्थळी घुसायचं नाही. आधी थोडं अलीकडे ठरवलेल्या तळावर थांबायचं, नोंद करायची, बोलावलं की पुढे जायचं. नाही तर पहिल्या वीस मिनिटांत गाड्यांनी गल्ली तुंबते आणि जखमींना घेऊन बाहेर पडणाऱ्या रुग्णवाहिकेलाच वाट उरत नाही. जुन्या गल्ल्यांमध्ये राहणाऱ्यांना याचं चित्र लगेच डोळ्यांसमोर येईल.

अधिकाऱ्यांचा सराव बहुतेक वेळा टेबलावर होतो. टेबलटॉप एक्सरसाइज म्हणतात त्याला. समोर नकाशा, भोवती पोलिस, आरोग्य, पाटबंधारे, महावितरण, एसटी, महापालिका असे सगळे. सूत्रधार एकेक चिठ्ठी काढतो. समजा सराव सांगलीचा आहे. पहिली चिठ्ठी: कोयनेतून विसर्ग वाढवला, आयर्विन पुलाजवळ पाणी ४० फुटांच्या इशारा पातळीला टेकलं. काय करता? दुसरी: ४५ फुटांची धोका पातळी ओलांडली, रुग्णालयाचा जनरेटर तळमजल्यावर आहे. तिसरी: अतिदक्षता विभागात अकरा रुग्ण, रस्ता बंद. चौथी: जनावरं सोडून येत नाही असं एक वस्ती म्हणतेय. पाचवी: धरण फुटल्याची अफवा व्हॉट्सअॅपवर फिरतेय. तासाभरात खोलीतला सूर बदलतो. ‘आमच्याकडे यादी आहे’ म्हणणाऱ्या खात्याला यादीतला फोन नंबर लावायला सांगतात आणि तो बदली होऊन गेलेल्या माणसाचा निघतो. टेबलावर उघडी पडलेली चूक जीव घेत नाही, म्हणूनच हा सराव मोलाचा. आणि म्हणूनच, सगळं व्यवस्थित पार पडलं असा अहवाल येतो तेव्हा मला जरा धास्ती वाटते.

जनावरांची चिठ्ठी मी मुद्दाम घातली. म्हैस दावणीला ठेवून माणूस बोटीत चढत नाही, हे कृष्णाकाठच्या तलाठ्याला ठाऊक असतं. परदेशी पुस्तकातून घेतलेला अभ्यासक्रम ते सांगत नाही.

जुलै २०२३ मध्ये रायगडमधल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली तेव्हा व्यवस्थापनाचा प्रश्न फारच वेगळा होता. वाडीपर्यंत रस्ताच नव्हता. पावसाळी रात्री चिखलातून डोंगर चढून जायचं. मशीन नेता येईना, हवामानामुळे हेलिकॉप्टर उतरेना, मग शेकडो मजुरांना पायी वर नेऊन कुदळ-फावड्यानं काम करावं लागलं. चढून जाताना नवी मुंबई अग्निशमन दलाच्या एका अधिकाऱ्याला हृदयविकाराचा झटका आला आणि ते गेले. २७ मृतदेह सापडले, ५७ जण बेपत्ता राहिले, आणि चार दिवसांनी शोध थांबवावा लागला. मजूर किती वेळानं बदलायचे, पाणी आणि खाणं वर कोणी न्यायचं, चढणाऱ्याची तब्येत कोणी तपासायची, आणि शोध कधी थांबवायचा व ते नातेवाइकांना कोणी, कुठल्या शब्दांत सांगायचं, हे सगळे व्यवस्थापकाचे प्रश्न आहेत. यांतला शेवटचा प्रश्न कुठल्याही तक्त्यात बसत नाही, पण तो वर्गात विचारला गेलाच पाहिजे.

कुठे शिकवतात आणि आपण काय शिकू शकतो

या बाबतीत महाराष्ट्र नशीबवान आहे. राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय नागपूरला आहे. नागरी संरक्षणाचं राष्ट्रीय महाविद्यालय १९५७ मध्ये नागपुरातच सुरू झालं आणि एनडीआरएफची अकादमीही आता तिथेच आहे. एनडीआरएफची पाचवी बटालियन पुण्याजवळ तळेगावपासून जवळ सुदुंबऱ्याला. अधिकाऱ्यांसाठी पुण्याची यशदा ही प्रशासकीय प्रशिक्षण संस्था. किल्लारीच्या भूकंपात, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेश विसर्जनाची रात्र आटोपून झोपलेली गावं गाडली गेली तेव्हा यातलं फार थोडं होतं. एनडीआरएफ तर २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानंतर, २००६ मध्ये उभी राहिली.

किल्लारीत पहिल्या तासांत माती उपसली ती शेजारच्या गावकऱ्यांनी. आजही पथक कितीही तरबेज असलं तरी पोचायला वेळ लागतो, आणि पहिला मदतनीस शेजारीच असतो. म्हणून ‘आपदा मित्र’ योजना मला फार महत्त्वाची वाटते. २०१६ मध्ये देशातल्या ३० पूरप्रवण जिल्ह्यांत सहा हजार स्वयंसेवकांपासून ती सुरू झाली, पुढे ३५० जिल्ह्यांत एक लाख स्वयंसेवकांपर्यंत वाढवली गेली. बारा दिवसांचं प्रशिक्षण, एक साहित्यसंच आणि विमा. आपल्या जिल्ह्यात अशी तुकडी आहे का, हे जिल्हाधिकारी कार्यालयातल्या आपत्ती व्यवस्थापन कक्षात जाऊन विचारता येतं.

फक्त बारा दिवस शिकलेलं आयुष्यभर टिकत नाही. छाती दाबण्याचा वेग, गाठ मारण्याची पद्धत, पट्टीचे रंग, काही महिने हात लागला नाही तर विसरायला होतं. एकदा प्रमाणपत्र देऊन फोटो काढून मोकळं होण्यापेक्षा दर पावसाळ्याआधी दोन दिवसांची उजळणी जास्त कामाची.

रस्त्यावरच्या अपघातात मदत केली तर पोलिसांचं झंझट मागे लागेल या भीतीनं अजून अनेक जण गाडी थांबवत नाहीत. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती होऊन अशा मदतगाराला संरक्षण मिळालं आहे. सद्भावनेनं केलेल्या मदतीबद्दल त्याच्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही आणि नाव सांगायची सक्तीही करता येत नाही. १०८ ला फोन केलात तर पलीकडची व्यक्ती विचारेल: नेमकं कुठे, काय झालंय, किती जण, श्वास चालू आहे का? ती उत्तरं आधी द्या आणि पलीकडची व्यक्ती सांगेपर्यंत फोन ठेवू नका. हायवेवर असाल तर किलोमीटरचा दगड वाचून सांगा.

एप्रिलमध्ये, १४ तारखेपासूनच्या आठवड्यात, आपल्या भागातल्या अग्निशमन केंद्रात जाऊन या. बऱ्याच ठिकाणी त्या दिवसांत प्रात्यक्षिकं असतात. पोरांना सोबत न्या. बीए सेट हातात घेऊ द्या, त्याची शिट्टी ऐकू द्या. आणि तिथल्या जवानाकडून कमरेला दोर बांधायची ती गाठ शिकून घ्या, ओढल्यावर आवळत न जाणारी. इंग्रजीत तिला बोलाइन म्हणतात. शिकायला पाच मिनिटं लागतात.